शेळीचा तास

खऱ्या कलावंताला साधनाची गरज नसते, कला आतूनच यावी लागते. हे वाक्य जो बोलतो, त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्यावं. माउस बहुधा त्याच्याच हातात असतो.

चौतीसच्या हातात तो कधीच नव्हता.

चौतीस हे तिचं नाव नव्हे, हजेरीपटावरचा नंबर. सातवीच्या वर्गात एकाच नावाच्या चार मुली निघाल्या, तेव्हा संगणकाच्या सरांनी वैतागून सगळ्या वर्गालाच नंबरांनी हाका मारायला सुरुवात केली. ती सवय वर्गाला अशी चिकटली, की पुढे तिच्या लग्नात मैत्रिणींनी दिलेल्या भेटीवर 'सौ. चौतीस आणि श्री. चौतीस यांस' असं लिहिलेलं होतं. श्री. चौतीस यांनी त्याचा अर्थ आजवर विचारलेला नाही. ते लिफ्ट दुरुस्त करतात आणि आकड्यांशी त्यांचं भांडण नाही.

तर शाळेत संगणकांची खोली होती आणि खोलीत सतरा संगणक होते. चपला बाहेर, हात स्वच्छ, तोंड बंद. खिडक्यांना जाड पडदे. एसी होता, पण तो संगणकांसाठी. मुलांना तो आपला जाता जाता लागायचा. प्रत्येक संगणकाला शिवून घेतलेलं कव्हर होतं आणि त्या कव्हरची चौपदरी घडी घालण्याची एक ठरलेली पद्धत होती. तासाची पहिली दहा मिनिटं घडी घालण्यात जायची, शेवटची दहा ती उलगडण्यात. मधल्या वीस मिनिटांत एकविसावं शतक यायचं.

मुलं चौतीस, संगणक सतरा. म्हणजे एका संगणकापुढे दोन खुर्च्या. भांडणं होऊ नयेत म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात नियम लावला: विषम नंबर उजव्या खुर्चीत, माउसवर, सम नंबर डाव्या खुर्चीत, कीबोर्डवर. भांडणं झाली नाहीत. अन्याय झाला, पण त्याचा आवाज होत नाही.

टायपिंग शिकवायला घेतलं की सम नंबरांचे दिवस येतील, असं सर सांगायचे. टायपिंगची फ्लॉपी दुसऱ्याच आठवड्यात बिघडली. राहिली एकच, लहान मुलांसाठी चित्रं काढायच्या प्रोग्रॅमची. वर्षभर तीच चालली. कोणाची काही तक्रार नव्हती, म्हणजे कोणाही विषमाची नव्हती.

त्या प्रोग्रॅमला एक इंग्रजी नाव होतं, ते आज कोणालाच आठवत नाही. सगळे त्याला शेळी म्हणायचे. कारण त्यात खोडरबराच्या जागी एक शेळी होती. चित्र पुसायचं झालं की शेळी सोडायची. ती एका कडेने चरत चरत घर, डोंगर, सूर्य असं सगळं खात जायची आणि शेवटी कोऱ्या पडद्यावर उभी राहून ढेकर द्यायची. शिवाय रंगाची बादली होती. बंद आकारात ती ओतली की 'गुळुप' असा आवाज यायचा आणि आकार भरून निघायचा. पण रेघेत कुठे एका टिंबाएवढी जरी फट राहिली, तरी रंग तिथून निसटून सगळ्या पडद्यावर पसरायचा. असं झालं की आख्ख्या खोलीत आनंदाची लाट यायची, कारण दुसऱ्याच्या चित्राची वाट लागण्यासारखं सुख सातवीत दुसरं नसतं. पुढेही फारसं मिळत नाही.

उजव्या खुर्चीत तेहतीस बसायची. चौतीसचं काम बोलायचं.

"डावीकडे. अजून. अजून थोडं. आता वर. थांब. थांब म्हटलं ना!"

"थांबलेच होते."

"मग हे काय गेलंय पुढे?"

"तो माउस गेला. मी थांबले होते."

चित्र पुरं झालं की त्याखाली नाव टाकायचं. नाव माउसवाल्याचं, टाइप करायचं काम कीबोर्डवाल्याचं. तेवढं एक सोडून सम नंबरांनी हात मांडीवर ठेवायचे, असा उपनियम होता. म्हणजे वर्षभरात चौतीसने जे काही टाइप केलं ते तेहतीसचं नाव. सूचनाफलकावर लागलेल्या चित्रांखालीही तेच, एकही चूक न करता.

तिचं स्वतःचं एक चित्र होतं. पाच मजली जहाज. ते गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर चौकटी मोजून काढलेलं होतं, छत्तीस गोल खिडक्या, प्रत्येक खिडकीचा रंग वेगळा. फेब्रुवारीत एकदा तिने ते तेहतीसला तोंडी सांगून काढायला घेतलं. तीन तास लागले, म्हणजे तीन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात तेहतीसने समुद्रावर निळी बादली ओतली, तळाच्या रेघेत कुठेतरी टिंबभर फट होती, आणि गुळुप आवाज होऊन समुद्र जहाजात शिरला. पाचही मजले आतून निळे झाले. तेहतीसने "अगंबाई" म्हणून शेळी सोडली.

त्या दिवशी चौतीस हात मांडीवर ठेवून बसली.

आता ती दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून ती प्लास्टरचे जबडे ओतायची, मेणात दात बसवायची आणि कवळ्या तयार करायची. दोन खोल्यांचं काम होतं: पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, मागच्या खोलीत भट्टी आणि पॉलिशचं यंत्र, आणि यंत्रावर पॉलिशच्या काकू. तिने बसवलेला सुळा तोंडातल्या सख्ख्या दातांनाही परका वाटत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. केसाएवढ्या जागेत मेणाची सुरी फिरवणारी बाई. पण शेळीचा विषय निघाला की तिचे हात आपोआप मांडीवर जायचे.

आणि विषय निघाला. एका मंगळवारी दुपारी वर्गाच्या ग्रुपवर सरांचा निरोप आला. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शाळा संगणकांची जुनी खोली मोडणार हे कळल्यावर त्यांनी जाऊन सतरा संगणकांच्या सुट्या भागांतून एक चालू संगणक उभा केला होता. 'शेळी चालू आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'शनिवारी सकाळी दहा. प्रत्येक जोडीला पाच मिनिटे. पायमोजे स्वच्छ असावेत. नियम जुनेच.'

चौतीसने निरोप दोनदा वाचला. "शेळी चालू आहे!" ती एवढ्या जोरात ओरडली, की काकूंनी मागे यंत्र बंद केलं.

"कोणाची शेळी?"

"आमची, काकू! शाळेतली! अजून जिवंत आहे!"

काकूंनी मनात हिशोब केला. "शेळ्या एवढ्या जगत नाहीत गं," त्या म्हणाल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

मग चौतीसने शेवटची ओळ तिसऱ्यांदा वाचली. नियम जुनेच. म्हणजे शनिवारी तेहतीस उजवीकडे, ती डावीकडे, आणि पाच मिनिटं तोंडी. सोमवारी खोली मोडणार. त्यानंतर जगात शेळी नाही.

जहाज एकदा तरी स्वतःच्या हाताने काढायचं. निदान तळाची रेघ. ती तरी बिनफटीची.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा मुलगी जेवता जेवता मोबाइल बघत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असल्यामुळे तिला सगळं माहीत होतं.

"आई, याच्यापेक्षा शंभरपट भारी चित्र फोनवर निघतं. बोटाने. हे घे, काढ."

चौतीसने बोटाने रेघ काढली. रेघ गुळगुळीत आली.

"ही कुठे अडखळतच नाही," ती नाराजीने म्हणाली.

"मग चांगलंच आहे ना?"

"शेळी कुठाय?"

"शेळी कशाला हवी? मागे जायचं बटण आहे."

"ढेकर देतं?"

मुलीने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी ताटाकडे बघितलं. "तुझ्या आईला लग्नाच्या दिवशी सकाळी माझ्या सासूबाईंनी तीनदा उठवलं होतं," ते म्हणाले. "आणि या शनिवारचा गजर तिने आजच लावलाय."

बुधवारी तिने तेहतीसला फोन लावला. तेहतीस आता गाडी शिकवायची. शिकाऊ लोक चाक धरायचे, ती शेजारी बसून सूचना द्यायची.

"तेहतीस, मी बोलतेय."

"डावीकडे घे. डावीकडे! अगं, तुला नाही. बोल."

"शनिवारी माउस मला हवाय."

"आरशात बघा, काका. आरशात म्हणजे मागची गाडी बघा, भांग नका बघू. काय हवंय?"

"माउस. उजव्या खुर्चीत मी बसणार."

"असं कसं? सरांनी लिहिलंय, नियम जुनेच."

"वर्षभर तूच धरलास की."

"धरला म्हणजे? मला काय हौस होती? तू वर म्हणालीस की वर, खाली म्हणालीस की खाली. पाणी प्यायला जायचं तरी तुला विचारून. माझं मनगट सुजायचं, आईला वाटायचं मी खूप अभ्यास करते. ब्रेक. काका, ब्रेक. ब्रेक, ब्रेक, ब्रेक!"

फोनमध्ये काहीतरी फुटलं.

"काय झालं?" चौतीसने विचारलं.

"काही नाही. कुंडी. रिकामीच होती. हल्ली मला तुझी आठवण येते बरं का. दिवसभर सांगत असते, ऐकतं कोणी? चाक माझ्या हातात नाही, आणि ठोकलं की नाव माझं."

"मग दे ना मला शनिवारी."

"विचार करते. माझंही वय झालंय, मलाही शेळी सोडावीशी वाटते. काका, रडू नका. कुंडीच होती."

उत्तर मिळालं नाही, पण तयारी तर हवी. घरातल्या लॅपटॉपला माउस नव्हता, दुकानातले नवे माउस लहान आणि चपटे. म्हणून गुरुवारी चौतीसने कामाच्या टेबलावर आठवणीने एक माउस घडवला: कवळ्यांच्या गुलाबी मेणाचा, जुन्या मापाचा, दोन बटणांची खाच पाडून. हातात बरोबर बसला. दिवसभर मधूनमधून ती तो टेबलावर फिरवत होती, मनगट सैल ठेवून, तळाची रेघ डावीकडून उजवीकडे. काकू चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हा कोणाचा जबडा?"

"कोणाचा नाही, काकू."

"बिचारा," काकू म्हणाल्या. "एकही दात नाही."

शनिवारी पावणेदहाला संगणकांच्या खोलीबाहेर चौसष्ट पाय पायमोज्यांत उभे होते. दोघं परदेशातून येऊ शकले नव्हते. त्यांचे संगणकावरचे जोडीदार एकेकटेच उभे होते आणि त्यांचा सगळ्यांना हेवा वाटत होता. पाच नंबर आता न्यायाधीश होता. त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि तो पाय दुसऱ्या पायामागे लपवून उभा होता. बारा नंबरची बेकरी होती, त्याच्या केसांत पीठ होतं. सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि सगळे एकच बोलत होते: "आठवतं का, ती ढेकर!"

सरांनी दार उघडलं. आत सोळा टेबलं रिकामी आणि सतराव्यावर तो, शिवलेलं कव्हर घालून.

"पाच," सर म्हणाले, "मोजा फाटलाय."

"हो सर," न्यायाधीश म्हणाले.

एक आणि दोन नंबरांनी चौपदरी घडी घातली. सरांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळा, मग राखाडी, मग बराच वेळ काहीच नाही. बत्तीस माणसांनी श्वास धरला. आणि कोपऱ्यातून शेळी चालत आली, मधोमध थांबली आणि "बेंऽऽ" करून ओरडली.

जो काही आरडाओरडा झाला, तो ऐकून शाळेचा पहारेकरी पायऱ्या चढून आला. भूल देणारी डॉक्टरीण असलेली नऊ नंबर चक्क रडत होती. बारा नंबरने न्यायाधीशांना मिठी मारली आणि त्यांच्या काळ्या कोटावर पिठाचे दोन हात उमटले.

मग जोड्या पुढे सरकू लागल्या. पाच-पाच मिनिटं. घरं, डोंगर, सूर्य. पन्नाशीकडे झुकलेली माणसं दुसरं काहीही काढायला तयार नव्हती. दर वेळी रंग निसटला की सगळी खोली टाळ्या पिटायची. दर ढेकरीला शिट्ट्या. चौतीस रांगेच्या शेवटी उभी राहून कोटाच्या खिशात मेणाचा माउस दाबत होती; तो आता मऊ होऊन हाताच्या आकाराचा झाला होता. शेजारी तेहतीस.

"विचार केलास का?" चौतीसने शेवटी विचारलं.

"चालू आहे."

"आपला नंबर आला, अगं!"

"तेहतीस, चौतीस," सरांनी हाक मारली.

तेहतीस पुढे झाली, उजव्या खुर्चीपाशी गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग सरळ डाव्या खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "तेहतीस, जागा चुकली."

"मनगट दुखतंय, सर."

"कधीपासून?"

"सातवीपासून."

सरांनी घड्याळ बघितलं, खोलीकडे बघितलं. सोमवारी भिंत पडणार होती. "बस," ते चौतीसला म्हणाले.

चौतीस उजव्या खुर्चीत बसली. इथून खोली वेगळीच दिसत होती. पडदा सरळ समोर होता. सातवीत वर्षभर तिने तो तिरका बघितला होता. तिने माउसवर हात ठेवला. गरम होता, आधीच्या सगळ्या हातांनी गरम केलेला. तिने तो हलवला आणि पडद्यावर बाण हलला! तिने सांगितलं नाही, समजावलं नाही, ओरडली नाही. हात गेला तिकडे बाण गेला. तिला हसू फुटलं, ते आवरेना.

"मनगट सैल सोड," तेहतीस म्हणाली.

"सोडलंय."

"क्लचवरून पाय, अं, बटणावरून बोट उचलू नकोस."

तिने कुंचला निवडला. डावं बटण दाबून धरलं आणि ओढलं. जहाजाच्या तळाची रेघ निघाली: काळी, ठोकळ्याठोकळ्यांची, थोडी अडखळत, पण अखंड. दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं. मागे कोणीतरी हळूच "वा" म्हणालं. एवढ्या सुळ्यांमध्ये, एवढ्या दाढांमध्ये तिला असा आनंद कधी झाला नव्हता.

कोपऱ्याशी तिने क्षणभर बोट उचललं, वर वळायचं म्हणून, आणि पुन्हा दाबलं.

टिक आवाज आला नाही.

तिने पुन्हा दाबलं. बटण मऊ लागलं, मेणासारखं. ती माउस वर, खाली, गोल फिरवत राहिली. बाण पडदाभर धावत होता आणि मागे काहीच ठेवत नव्हता.

"सर."

सर आले. माउस उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवला, आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाले, "बटण गेलं."

"दुसरा माउस, सर?"

"सोळांचे भाग काढून हा एक केला होता."

"नवा लावा ना, सर," न्यायाधीश मागून म्हणाले.

"नव्याची पिन बसत नाही."

तीन मिनिटं शिल्लक होती. पडद्यावर चार बोटं रेघ आणि बाकी सगळं पांढरं. चौतीसने मेलेला माउस दोन्ही हातांत धरला होता. तेहतीसने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता कशाला थांबलाय?" सर म्हणाले. "पुढे काढा की."

"कशाने, सर?"

"कशाने म्हणजे? कीबोर्डने. स्पेस बार दाबून धर, बाणाच्या कळा दाब. रेघ येते." आणि त्यांनी तेहतीसच्या पुढ्यात वाकून दोन बोटांनी करून दाखवलं. रेघ वर वळली. सरळ, नेमकी, माउसने येणार नाही अशी.

सगळे सम नंबर आपापल्या हातांकडे बघू लागले.

"हे... कधीपासून, सर?" बेकरीवाल्या बाराने विचारलं.

"पहिल्यापासून. पहिल्याच तासाला लिहून दिलं होतं."

चौतीसचं तोंड उघडलं. ती काही विचारायला निघाली होती, पण बाहेर आलं ते वेगळंच, एका सुरात, सातवीच्या आवाजात: "सदर प्रोग्रॅममध्ये रेषा दोन प्रकारे काढता येते. एक, माउसचे डावे बटण दाबून धरून. दोन..."

"...स्पेस बार दाबून धरून बाणाच्या कळांच्या साहाय्याने," खोलीतले सगळे सम नंबर एकदम म्हणाले.

वार्षिक परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना आला होता. चौतीसला दोनपैकी दोन मिळाले होते.